फोटो नाही, तर नाव लिहा
घरी आपल्या गेलेल्या माणसांची जागा कशी मांडावी

एक आजी आहेत. त्यांचे नाव इथे सांगत नाही. अशा आजी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत पुष्कळ गावांत आहेत.

भाद्रपद महिना होता. पितरांचा पंधरवडा लागला होता. आजीच्या सुनेने पाट मांडला. दिवा लावला. नातू म्हणाला, "आजी, सगळ्यांच्या घरी आजोबांचा फोटो असतो. आपल्या आजोबांचा फोटो कुठाय?"

आजी म्हणाल्या, "फोटो मातीत गेला, बाळा. घरासंगं गेला."

"मग दिवा कुणापुढं लावायचा?"

आजींना उत्तर सुचेना. त्या गप्प बसल्या.

संध्याकाळी त्या साक्षरता वर्गाला गेल्या. तिथे त्यांनी बाईंना ही गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला आता लिहिता येतंय. फोटो नाही तर नाव लिहा. नावापुढं दिवा लावा."

आजी हसल्या. पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "बाई, मी जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

बाई म्हणाल्या, "तोंडानं घेऊ नका. हातानं लिहा."

आजींनी पाटी घेतली. नाव तीन अक्षरांचे होते. ते लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी त्याखाली आणखी एक नाव लिहिले. ते त्यांच्या धाकट्या लेकीचे होते.

हा लेख त्या आजींसाठी आहे आणि तुमच्यासाठी आहे. आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण कशी ठेवावी, त्यांची जागा कशी मांडावी, हे यात सांगितले आहे. त्याला फार पैसा लागत नाही. थोडा वेळ लागतो. आणि लिहिता यावे लागते. ते तर तुम्हाला आता येतेच.

किल्लारीची ती पहाट

आजीचे घर कसे पडले? ते आधी सांगतो. नव्या पोरांना ते ठाऊक नाही.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. लोकांनी गणपती बुडवले. रात्री उशिरा सगळे दमून झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ आणि आसपासची पुष्कळ गावे कोसळली. हजारो माणसे गेली.

घरे माळवदाची होती. भिंती जाड दगडांच्या. दगड मातीत बसवलेले. वर मातीचा जड थर. भिंती खचल्या आणि माळवद अंगावर आले. झोपलेल्या माणसाला उठायला वेळच मिळाला नाही.

तो दिवस भाद्रपदातल्या पौर्णिमेचा होता. दुसऱ्याच दिवशी पितरांचा पंधरवडा सुरू होत होता. ज्यांनी पितरांना जेवू घालायचे, तेच कितीतरी जण त्या पहाटे पितर झाले. काही घरांत तर मागे पाणी द्यायलाही कोणी उरले नाही.

पुढे गावे नव्या जागी वसली. नवी घरे मिळाली. पण जुन्या घरातली पेटी, पेटीतले कागद, भिंतीवरचे फोटो, देवघरातले टाक, हे सगळे मातीत राहिले. किल्लारीला आता स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे लोक जमतात. फुले वाहतात. तो स्तंभ सगळ्यांचा आहे. पण प्रत्येक घराला स्वतःची अशी एक लहान जागाही लागते.

आपल्या वाडवडिलांनी काय केले?

आठवण ठेवायची रीत नवी नाही. आपल्या गावातच तिच्या खुणा आहेत. नीट पाहा.

मारुतीच्या देवळाजवळ, वेशीजवळ, नाहीतर एखाद्या जुन्या झाडाखाली उभे दगड दिसतात. त्यांवर चित्रे कोरलेली असतात. पोरे त्यांवर बसतात. बाया त्यांना शेंदूर लावतात. पण तो दगड कसला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याला वीरगळ म्हणतात.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई असते. एखादा माणूस गाव राखताना किंवा गुरे सोडवताना पडला, ते तिथे दाखवलेले असते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवाच्या पिंडीची पूजा करतो. अगदी वर चंद्र आणि सूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर या माणसाची आठवण राहो, असा त्याचा अर्थ.

काही दगडांवर बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. तो सतीचा दगड. ती क्रूर चाल होती. कायद्याने ती बंद झाली, हे बरे झाले. पण त्या बाईचीही आठवण त्या दगडात आहे.

पण एक गोष्ट पाहा. बहुतेक वीरगळांवर नाव नाही. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना नाव ठाऊक होते. त्यांच्या नातवांनाही ठाऊक असेल. पुढे कोणाला ठाऊक राहिले नाही. चंद्रसूर्य राहिले, नाव गेले. ते नाव लिहून ठेवले असते तर आज आपण वाचले असते.

दुसरी रीत टाकांची. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा. सोनार ठशावर ठोकून त्यावर मूर्ती उठवतो. मागून तांब्याचा पत्रा बसवतो. देवघरात खंडोबाचा टाक असतो, तुळजाभवानीचा असतो. काही घराण्यांत पूर्वजांचेही टाक असतात. कोणी लढाईत पडलेला असतो. कोणी सवाष्ण गेलेली बाई असते. सणावाराला ते टाक धुतात, पुसतात, पूजतात. पण इथेही तेच. हा टाक कोणाचा, असे विचारले तर घरातले म्हणतात, "पूर्वीपासून हाय. मोठ्या म्हातारीला म्हाईत होतं."

मोठी म्हातारी गेली की माहिती गेली.

म्हाळ आणि आखिती

वर्षात दोन वेळा आपण पितरांची विशेष आठवण करतो.

पहिली वेळ भाद्रपदात. पौर्णिमा झाली की वद्य पक्ष लागतो. त्या पक्षाच्या अमावस्येपर्यंत पितरांचा पंधरवडा असतो. याला पितृपक्ष म्हणतात. आपण म्हाळ घालतो म्हणतो, पितर जेवू घालतो म्हणतो. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचा म्हाळ करतात. नवरा असताना गेलेल्या बाईसाठी नवमी असते. तिला अविधवा नवमी म्हणतात. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी असते. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सगळ्यांसाठी शेवटची अमावस्या. तिला सर्वपित्री अमावस्या म्हणतात. कोणी राहून जाऊ नये, म्हणून ही सोय आहे.

त्या दिवशी तांदळाची खीर, वडे, कढी, गवारीची आणि लाल भोपळ्याची भाजी करतात. कावळ्याला घास ठेवतात. गाईला घास देतात. त्या दिवशी दारात रांगोळी काढत नाहीत.

दुसरी वेळ वैशाखात. शुद्ध तृतीयेला अक्षय तृतीया. आपण तिला आखिती म्हणतो. ऊन कडक असते. घसा सुकतो. अशा वेळी गेलेल्या माणसाला पाणी द्यायचे. कुंभाराकडून मातीचे करा-केळी आणतात. त्यांत पाणी भरतात. वाळा टाकतात. पूजा करतात. आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवतात. पितरांना आंबा दिल्याशिवाय स्वतः आंबा खायचा नाही, असे पाळणारी जुनी माणसे अजून आहेत.

यात एक शहाणपण आहे. जो आपल्या आधी या घरात राबला, त्याच्या वाट्याचे आधी काढायचे. मग आपण खायचे.

शेजारच्या घरांत काय करतात?

आपल्या मराठवाड्यात अनेक धर्मांची, जातींची माणसे शेजारी राहतात. प्रत्येकाची रीत वेगळी आहे. पण मनातले एकच आहे.

मुसलमान भाऊ शबे-बरातच्या रात्री कबरस्तानात जातात. कबरी साफ करतात. दिवे लावतात. गेलेल्यांसाठी दुवा मागतात. लिंगायत घरांत माणसाला बसवून पुरतात. तिथे समाधी असते. तिच्यावर बेल वाहतात. बौद्ध घरांत पांढरे कापड अंथरतात. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमेजवळ गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. मेणबत्ती लावतात. त्रिसरण, पंचशील म्हणतात. बंजारा तांड्यावर दिवाळीच्या वेळी पूर्वजांच्या नावाने विस्तवावर नैवेद्य सोडतात. त्याला धबुकार म्हणतात. ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात.

नांदेडचा सचखंड गुरुद्वारा सगळ्यांना ठाऊक आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला देह ठेवला. तीनशेहून अधिक वर्षे झाली. तरी देशातून, परदेशातून माणसे तिथे येतात. एका माणसाची आठवण किती लांब पोचते, ते त्यावरून कळते.

नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यात अर्जापूर आहे. निजामाच्या राज्याविरुद्धच्या लढ्यात गोविंदराव पानसरे यांची १९४६ साली तिथे हत्या झाली. त्यांचे स्मारक अर्जापूरला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. दरवर्षी त्या दिवशी झेंडा लावताना अशा माणसांची आठवण काढतात. कधी कधी हा दिवस पितरांच्या पंधरवड्यातच येतो.

दूर देशातली गोष्ट

मेक्सिको नावाचा एक देश आहे. तो अमेरिका खंडात आहे. आपल्यापासून हजारो मैल दूर. तिथेही पितरांचा सण असतो. १ आणि २ नोव्हेंबरला तो करतात. पहिल्या दिवशी गेलेल्या लेकरांची आठवण करतात. दुसऱ्या दिवशी मोठ्या माणसांची.

ते घरात पायऱ्यांसारखी एक मांडणी करतात. वर कापड घालतात. गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. मेणबत्त्या लावतात. पाण्याचा पेला ठेवतात. वाट चालून आलेल्याला तहान लागते, म्हणून पाणी. मीठ ठेवतात. गोड पाव ठेवतात. त्या माणसाला जे आवडत होते तेही ठेवतात. आणि झेंडूची फुले घालतात. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात. त्या रंगावरून आणि वासावरून आपले माणूस घर ओळखते, असे ते मानतात.

आपण वाळा टाकलेले पाणी ठेवतो, ते पेला भरून ठेवतात. आपण वडे-खीर करतो, ते पाव करतात. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे. पण दुःख एक, म्हणून रीतही जवळची.

आणखी एक गंमत सांगतो. झेंडू हे मूळचे मेक्सिकोकडचे फूल आहे. चारपाचशे वर्षांपूर्वी युरोपचे लोक समुद्रमार्गे तिकडे गेले. मग तिकडची झाडे, बिया जगभर पसरल्या. आपल्याकडे झेंडू आला तो असाच. मिरची, मका आणि म्हाळातला लाल भोपळाही मूळचे अमेरिका खंडातले. आज झेंडूवाचून आपला दसरा होत नाही.

जागा कशी मांडावी?

आता काम सांगतो. एकेक वाचा आणि करा. तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर ती धरा. इथे फक्त सोपा मार्ग दिला आहे.

१. जागा निवडा. घरातला एखादा कोनाडा, देवळी किंवा भिंतीजवळची फळी चालते. जागा कोरडी हवी. चुलीचा धूर तिथे येऊ नये. दक्षिण ही पितरांची दिशा मानतात. म्हणून काही घरांत दक्षिणेच्या भिंतीला जागा करतात. देवघरात देवांच्या रांगेत गेलेल्यांचे फोटो ठेवत नाहीत. वेगळी जागा बरी.

२. जागा सारवून किंवा पुसून घ्या. पाट मांडा. त्यावर धुतलेले कापड अंथरा. नवे कापड आणायची गरज नाही. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असेल तर त्याहून चांगले काय?

३. फोटो असेल तर तो ठेवा. नसेल तर नाव लिहिलेला कागद ठेवा. कागदाला पुठ्ठा लावा, म्हणजे तो उभा राहील. पाटीवर लिहिले तरी चालेल. नाव कसे लिहावे ते पुढे सांगतो.

४. पाण्याचा तांब्या किंवा लहान मडके ठेवा. पाणी रोज बदला. जुने पाणी तुळशीला किंवा झाडाला घाला. ते सांडू नका. आपल्याकडे पाणी कमी आहे. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते विसरू नका.

५. दिवा लावा. दिवा ताटलीत ठेवा. खाली थोडी वाळू किंवा तांदूळ घाला, म्हणजे तो कलंडणार नाही. कागद, कापड आणि कापूस दिव्यापासून हातभर लांब ठेवा. पत्र्याच्या किंवा कुडाच्या घरात जास्त जपा. झोपण्याआधी दिवा विझवा. दिवा शांत केला म्हणून कोणी रागावत नाही.

६. फुले ठेवा. परसातली असतील ती चालतात. झेंडू, तगर, तुळशीची मंजिरी, काहीही. कागदी आणि प्लास्टिकची फुले लवकर पेट घेतात. ती दिव्याजवळ नकोत.

७. त्या माणसाची एखादी वस्तू ठेवा. विळा, चष्मा, काठी, टाळ, जात्याचा खुंटा, शिवणाची सुई. ज्या वस्तूला त्यांचा हात लागला आहे ती वस्तू पुष्कळ बोलते.

८. सणाला त्यांच्या आवडीचा घास ठेवा. कोणाला ज्वारीची भाकरी आणि ठेचा आवडत होता. कोणाला गूळ-शेंगदाणे. कोणाला चहा. तेच ठेवा. घास मांडला की थोडा वेळ थांबा. मग तो कावळ्याला, गाईला किंवा भुकेल्याला द्या. अन्न वाया घालवू नका.

९. शेवटचे काम मोठे आहे. लेकरांना जवळ बसवा. त्या माणसाची एक गोष्ट सांगा. एकच सांगा, पण खरी सांगा. "तुझा आजोबा फार मोठा माणूस होता" असे म्हणू नका. त्याने लेकराला काही कळत नाही. "दुष्काळात तुझा आजोबा खडी फोडायला जायचा. संध्याकाळी येताना त्याच्या खिशात माझ्यासाठी चार बोरं असायची," असे सांगा. ते लेकराच्या ध्यानात राहते.

नाव कसे लिहावे?

एक वही घ्या. शाळेची साधी वही चालते. प्रत्येक माणसाला एक पान द्या. पानावर पुढील गोष्टी लिहा.

पूर्ण नाव.
बाई असेल तर माहेरचे नाव आणि माहेरचे गाव.
जन्म कधी झाला. साल ठाऊक नसेल तर काहीतरी खूण लिहा. "१९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांची होती," असे लिहिले तरी साल काढता येते.
कधी गेले. तारीख लिहा. तिथी ठाऊक असेल तर तीही लिहा.
काय काम करत होते.
त्यांची एक गोष्ट.

बायांची नावे विशेष जपून लिहा. पुरुषाचे नाव सातबाऱ्यावर असते. मुलाच्या नावामागे बापाचे नाव लागते. बाईचे तसे नसते. लग्नात पुष्कळ जणींचे नाव बदलते. मग ती कोणाची तरी सून होते, कोणाची तरी माय होते. नातवंडे तिला नुसती आजी म्हणतात. एक दिवस ती जाते. तिचे नाव काय होते, हे सांगणारा कोणी राहत नाही.

आता तुम्हीच सांगा. तुमच्या आजीचे नाव काय? तिच्या आईचे नाव काय? पुष्कळ जण इथे अडतात. श्राद्धात बाप, आजा आणि पणजा अशी तीन पिढ्यांची नावे घेतात. आई, आजी, पणजी यांचीही घेतात. त्यासाठी नावे ठाऊक हवीत.

घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा. उद्यावर टाकू नका. एका वेळी सगळे विचारू नका. ते दमतील. रोज थोडे विचारा. ते सांगतील तसे लिहा. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. चुकलेले नाव दुरुस्त करता येते. हरवलेले नाव परत आणता येत नाही.

फोटोची काळजी

जुना फोटो ओल्या भिंतीला टांगू नका. त्यावर बुरशी येते. फोटोच्या कागदाला कुंकू, हळद, गंध लावू नका. लावायचे तर काचेला लावा. फुलांचा हार ओला असेल तर तो रात्री काढून ठेवा. फोटोच्या मागे त्या माणसाचे नाव पेन्सिलीने हळू लिहा. नाहीतर पुढे कोणीतरी विचारील, "हा फेटेवाला कोण?"

आता पुष्कळांचे फोटो मोबाईलमध्ये असतात. मोबाईल फुटला, पाण्यात पडला, की फोटो गेला. म्हणून आपल्या माणसाचा एक तरी फोटो कागदावर काढून घ्या. एक फोटो लेकीच्या घरी द्या. एक भावाच्या घरी द्या. किल्लारीने आपल्याला हेच शिकवले. एका घरात सगळे ठेवले तर एका घरासंगे सगळे जाते.

कर्ज काढू नका

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे.

माणूस गेले की घर आधीच खचलेले असते. दवाखान्याचा खर्च झालेला असतो. त्यात दहावा येतो, तेरावा येतो. भावकी म्हणते, "गावजेवण नको का? लोक काय म्हणतील?" मग घरधनी सावकाराकडे जातो. बायकोचे डोरले मोडतो. बैल विकतो. एक दिवस पंगत उठते. गाव हात धुऊन घरी जाते. व्याज मात्र वर्षानुवर्षे घरात राहते.

ज्या बापाने पोरांसाठी रक्ताचे पाणी केले, त्याच्या नावाने पोरांनी कर्जात बुडावे, हे त्या बापाला आवडेल काय? तुम्हीच विचार करा.

गाडगेबाबा १९५६ साली वारले. ते जन्मभर गावोगाव कीर्तन करत फिरले. कर्ज काढून सणवार करू नका, पोरांना शिकवा, हे ते पुनःपुन्हा सांगत. तेच इथेही लागू आहे. घरच्या भाकरीचा एक घास, तांब्याभर पाणी आणि एक दिवा, एवढ्यात आठवण पुरी होते.

जवळ चार पैसे असतील तर त्यांचे काही टिकणारे करा. गावच्या शाळेला पुस्तके द्या. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई लावा. काही गावांत आता रक्षा नदीत सोडत नाहीत. शेताच्या बांधावर खड्डा करून त्यात घालतात आणि वर झाड लावतात. आंबा, चिंच, लिंब. झाडाला रोज पाणी घालताना रोज आठवण होते. पुढे नातवंडे त्याच्या सावलीत बसतात.

सरकारी वहीतही नाव लिहा

आठवणीची वही घरात राहील. पण एक नोंद सरकारी वहीतही हवी.

घरात कोणी वारले तर २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करा. गावात ग्रामपंचायतीत ती होते. शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत होते. मग मृत्यूचा दाखला मिळतो. तो दाखला जपून ठेवा. बँक, विमा, पेन्शन, जमीन, सगळीकडे तो लागतो.

जमीन असेल तर तलाठ्याकडे वारसाची नोंद करायला तीन महिन्यांच्या आत अर्ज द्या. अर्जात सगळ्या वारसांची नावे लिहा. बायकोचे नाव लिहा. लेकींचीही नावे लिहा. हिंदू वारसा कायद्याने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला साडी-चोळी देऊन तिचे नाव गाळायचे, ही चाल चांगली नाही. अंगठा लावण्याआधी कागद वाचा. आता तर वाचता येते. मग अंगठा कशाला? सही करा.

आजींचे काय झाले?

त्या आजींनी नाव लिहिलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवला. पाटावर ठेवला. पुढे पाणी ठेवले. दिवा लावला. नातू शाळेत जाणारा. त्याने वाकून वाचले. एक नाव वाचले, मग दुसरे वाचले. दुसरे नाव त्याने कधी ऐकलेच नव्हते.

"आजी, ही कोण?"

"तुझी आत्या, बाळा. पाच वर्षांची होती."

मग आजींनी तिची गोष्ट सांगितली. ती गणपतीपुढे कशी नाचली, ते सांगितले. मोदकासाठी कशी हटून बसली, ते सांगितले. इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. सून दारात उभी राहून ऐकत होती.

नातवाने विचारले, "आत्याला मोदक ठेवायचा का?"

आजी म्हणाल्या, "ठेव की."

आज एवढे करा

एक वही आणा. पहिल्या पानावर तुमच्या आईचे पूर्ण नाव लिहा. तिचे माहेरचे नाव लिहा. मग तिच्या आईचे नाव लिहा. ठाऊक नसेल तर घरातल्या थोरल्या माणसाला विचारा. लिहिलेले नाव मोठ्याने वाचा. घरातल्या लेकरांकडूनही वाचून घ्या.